साठ दिवसांची देणी

रेल्वेच्या तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर आपण घरच्यांना पाठवतो, टीसीला दाखवतो, वेटिंग असेल तर दिवसातून दहादा तपासतो. त्याच्या पहिल्या आकड्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पुण्याहून सुटणाऱ्या गाडीने हजरत निजामुद्दीनला निघालात तर तो ८ किंवा ९ असतो, आणि परतीच्या तिकिटावर २ किंवा ३. गाडी जिथून सुटते तो भाग आरक्षणाच्या ज्या केंद्राकडे, त्या केंद्राचा हा आकडा. आठ-नऊ मुंबईचे, दोन-तीन दिल्लीचे. देशात अशी पाच केंद्रं आहेत : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. बर्थ डब्यात असतो हे खरं, पण तो अमुक तारखेला तुमचा आहे ही गोष्ट या पाचांपैकी एका केंद्राच्या डेटाबेसमध्ये लिहिलेली असते. ती नोंद नसेल तर हातातल्या तिकिटाला अर्थ नाही.

ही सगळी यंत्रणा आता मुळापासून बदलली जाते आहे. काम दिल्लीत चाललंय, चाणक्यपुरीतल्या 'क्रिस'मध्ये, म्हणजे सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये. रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी १९८६ साली स्थापन झालेली ही संस्था. तिकीट, मालगाड्या, गाड्यांचं वेळापत्रक, सगळ्याची सॉफ्टवेअर तिथे सांभाळली जातात. जून २०२५च्या अखेरीस रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलं, की सध्या मिनिटाला ३२ हजार तिकिटं देणारी आरक्षण यंत्रणा त्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत मिनिटाला दीड लाखाच्या वर तिकिटं देऊ लागेल आणि चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांवर जाईल. पाठोपाठ संसदेत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी माहिती दिली, की सध्याची यंत्रणा २०१० साली बसवलेली असून इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. ती आता क्लाउडला साजेशा नव्या तंत्रावर नेली जात आहे.

आकडे डोळे दिपवणारे असल्याने बातम्याही आकड्यांच्याच झाल्या. कामातली खरी अवघड गोष्ट वेगळी आहे. लक्ष्मीपूजनाला दुकानदार नवी वही घालतो, तेव्हा जुनी फेकून देत नाही. कुणाचं किती येणं, कुणाचं किती देणं, ती बाकी आधी नव्या वहीत ओढतो. रेल्वेच्या वहीत सगळी देणीच आहेत. आज रात्री यंत्रणा बदलायची म्हटलं, तर आगाऊ आरक्षणाच्या पुढच्या ६० दिवसांसाठी कोट्यवधी माणसांना दिलेला शब्द नव्या यंत्रणेने जसाच्या तसा पाळायला हवा. वेग नंतरचा.

व्हॅक्सच्या आधी आणि नंतर

संगणक येण्याआधी हा शब्द खरोखरच्या वहीत असे. प्रत्येक गाडीचं, प्रत्येक तारखेचं पान. बाबू पेनाने नाव लिहायचा. ज्या गाडीचं तिकीट हवं तिच्याच खिडकीवर उभं राहायचं, आणि परतीचं आरक्षण हवं असेल तर पुढच्या स्टेशनाला तार जायची. एका वहीवर एका वेळी एकच माणूस लिहू शकत असल्याने रांगा लांबत आणि खिडकीमागे 'सेटिंग' चाले.

यातून सुटका करण्याच्या गोष्टीत दोन मराठी नावं येतात. जनता सरकारात १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री असलेले, कोकणातल्या राजापूरचे खासदार मधू दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकड्यांवर फोमच्या गाद्या आणणारे मंत्री म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले. आरक्षणाच्या संगणकीकरणाच्या विचाराला चालना देण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. आणि तो विचार प्रत्यक्षात उतरला त्या ऐंशीच्या दशकात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री होते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत पहिला प्रयोग सुरू झाला. 'इम्प्रेस' हे त्या प्रणालीचं नाव. ती तयार केली सीएमसी या सरकारी कंपनीने. आयबीएमने १९७८ साली भारत सोडल्यावर तिच्या संगणकांची देखभाल ज्या कंपनीने उचलली, तीच ही. संगणक डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे, व्हॅक्स जातीचे. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएमएस, म्हणजे ओपनव्हीएमएसचंच मूळ रूप. एका खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं, आणि दिल्लीकरांना त्याचंच अप्रूप वाटलं.

पण प्रत्येक शहराची यंत्रणा आपापली होती. दिल्लीच्या खिडकीवरून मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचा बर्थ थेट मिळेना. त्यासाठी क्रिसने 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली लिहिली. सप्टेंबर १९९४ मध्ये ती आधी सिकंदराबादला बसवली, चालते म्हटल्यावर एकेक करत इतर केंद्रांत नेली आणि एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रं एकमेकांना जोडली. एवढ्या कामाला साडेचार वर्षं लागली. आज हा वेग कुणाला हास्यास्पद वाटेल, पण त्या संथपणातच शहाणपण होतं.

२००२च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली, आणि या पाच केंद्रांवरचा भार ओळखू येणार नाही इतका बदलला. खिडक्यांची संख्या रेल्वेच्या हातात असते. मोबाइल किती हातांत असावेत, ते नाही. सकाळी सगळे एकदम धडकू लागल्यावर वेबसाइट गुडघे टेकायची. २८ एप्रिल २०१४ रोजी सुरू झालेल्या नव्या ई-तिकीट प्रणालीने मिनिटाला २ हजारांवरून ७,२०० तिकिटांची मजल मारली. वारंवार लागणारी माहिती डिस्कवरून न वाचता मेमरीतच ठेवायची, ही तिच्यामागची युक्ती. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, हा तोवरचा उच्चांक. म्हणजे जाहीर क्षमतेच्या काठाशी आपण पोहोचलो होतो. दर्शनी भाग इतक्यांदा बदलला, तरी बर्थ कुणाचा हे ठरवणारी मूळ यंत्रणा त्याच व्हीएमएसच्या वंशातली राहिली.

आधार संपतो तेव्हा

चालतंय ते का बदलायचं, हा प्रश्न प्रत्येक कचेरीत विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. ओपनव्हीएमएसची ख्याती तर वर्षानुवर्षं बंद न पडण्याची. अडचण यंत्राची नसते, त्याच्यामागे उभं राहणाऱ्यांची असते.

डिजिटल कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने घेतली. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. व्हॅक्सच्या जागी अल्फा प्रोसेसर आले होते, त्यांच्या जागी इटॅनियम आले. इंटेल आणि एचपी यांनी मिळून घडवलेला हा प्रोसेसर जगावर राज्य करील असं सांगितलं गेलं. बाजाराने त्याकडे पाठ फिरवली. २०१७ साली त्याची शेवटची पिढी आली, जानेवारी २०१९ मध्ये इंटेलने निवृत्ती जाहीर केली, जुलै २०२१ मध्ये शेवटचा माल कारखान्यातून निघाला. या सर्व्हरना एचपीपासून वेगळ्या झालेल्या एचपीईचा आधार २०२५च्या अखेरीपर्यंतच होता. मंत्रालयाने जाहीर केलेला डिसेंबर आणि हा डिसेंबर एकच आहे. व्हीएमएस मेलेली नाही. व्हीएमएस सॉफ्टवेअर या कंपनीने २०२२ साली ती नेहमीच्या एक्स-८६ सर्व्हरवर उतरवली. पण ती जाणणारी माणसं दरवर्षी निवृत्त होत आहेत, आणि नव्या इंजिनिअरला तिच्यात करिअर दिसत नाही.

हे दुखणं एकट्या रेल्वेचं नाही. गुरुग्राम आणि नोएडाच्या ज्या इमारतींमध्ये रात्री दोन वाजता दिवे जळत असतात, त्यांतल्या काहींत हेच काम चाललेलं असतं. पोस्टग्रेस या लोकप्रिय मोफत डेटाबेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. तेरावी आवृत्ती २०२०ची, तिची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीची ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. फक्त त्यानंतर सापडलेलं सुरक्षेचं भोक बुजवायला कुणी येत नाही. म्हणून दर काही वर्षांनी एक रात्र ठरवावी लागते.

त्या रात्री काय होऊ शकतं याचा एक नमुना. डेटाबेस नावं शोधण्यासाठी वर्णक्रमाने लावलेली सूची ठेवतो. कुठलं अक्षर आधी, कुठलं नंतर, हा नियम तो बरेचदा स्वतः ठरवत नाही. खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो. २०१८ साली लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत भागाच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम बदलला. डेटाबेसला कुणी हात लावलेला नव्हता, खालचं लिनक्स तेवढं नवं झालं. सूची जुन्या क्रमाने लावलेली, शोध नव्या क्रमाने. परिणाम असा, की नोंद समोर असूनही 'सापडत नाही' असं उत्तर येऊ लागलं, आणि जिथे एकच नोंद असायला हवी तिथे दुसरी घुसण्याची वाट मोकळी झाली. इलाज सोपा होता : सूची पुन्हा बांधायची. पण ती बांधायला हवी हे माहीत असणं, हाच खरा अपग्रेड. ज्यांना हे कळलं नाही त्यांच्याकडे सगळं व्यवस्थित सुरू झालं, आणि गडबड आठवड्यांनी उघडकीला आली.

एक बर्थ, दोन दावेदार

आरक्षणात अशी एक चूक म्हणजे एका बर्थवर दोन माणसं. सकाळी आठ वाजता नागपूरहून एक जण आणि दिल्लीहून दुसरा, एकाच गाडीतला एकच लोअर बर्थ मागतात. यंत्रणा त्या गाडीच्या त्या तारखेच्या नोंदीला क्षणभर कुलूप लावते, एकाला देते, कुलूप काढते, मग दुसऱ्याला पुढचा बर्थ किंवा वेटिंग. बर्थ, पैसे आणि पीएनआर या तीन गोष्टी एकत्र घडल्या तरच व्यवहार पुरा. एक हुकली तर तिन्ही रद्द. खात्यातून पैसे गेले, तिकीट आलं नाही आणि चार दिवसांनी पैसे परत आले, हा अनुभव ज्यांना आलाय त्यांनी ही साखळी तुटताना पाहिली आहे.

लाखो लोक आले तरी एका गाडीच्या दारात हे कुलूप लागतंच. त्यामुळे दहापट सर्व्हर लावले की दहापट वेग, असा हिशेब इथे लागू पडत नाही. वेगवेगळ्या गाड्यांचं काम वेगवेगळ्या यंत्रांवर वाटता येतं. पण मडगावला जाणारी एकच गाडी सगळ्यांना एकाच मिनिटाला हवी असेल, तर त्या नोंदीपुढे रांग लावावीच लागते, दिसो वा न दिसो.

शिवाय बर्थ म्हणजे नुसता आकडा नाही. नव्या एलएचबी बनावटीच्या स्लीपर डब्यात ८० बर्थ, जुन्या डब्यात ७२. त्यांतले काही जनरल कोट्यात, काही लेडीज, काही संरक्षण दलांचे, काही ज्येष्ठांसाठी लोअर, काही तत्काळ, काही संसद भवनाचे. मधल्या स्टेशनांचे वेगळे कोटे, त्यांच्या वेटिंग लिस्टही वेगळ्या. साइड लोअरवर आरएसीचे दोघं. चार्ट लागला की न विकलेले कोटे वेटिंगवाल्यांकडे वळतात, आणि तेही ठरलेल्या क्रमानेच. असे नियम चाळीस वर्षांत एकावर एक चढले. त्यांतला प्रत्येक कुठल्या तरी परिपत्रकातून आला, आणि शेवटी कोडमध्ये जाऊन बसला. नवी प्रणाली लिहिणाऱ्याला हे सगळं जुन्या कोडमधून वाचून काढावं लागतं. एखादा नियम अनावश्यक वाटून गाळला, तर तो कशासाठी होता हे एखाद्या छोट्या स्टेशनवर गाडीत चढायला आलेल्या माणसाला कळतं.

सात रात्री

हे काम रात्रीच का होतं, याचं उत्तर वेबसाइट वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोज रात्री पावणेबाराला तिकीट बंद, बारा वाजून वीस मिनिटांनी सुरू. तारीख पालटायची, दिवसाचा हिशेब मिटवायचा, पुढचा एक दिवस विक्रीसाठी तयार करायचा. मोठं काम असलं की ही अर्ध्या तासाची फट रुंद करावी लागते.

३१ मे २०२५च्या रात्रीचं उदाहरण घ्या. उस्मानाबाद स्टेशनचं नाव धाराशिव झालं, सोबत स्टेशनचा कोडही बदलला. एवढ्यासाठी मुंबईचं आरक्षण केंद्र पावणेबारापासून दीड वाजेपर्यंत बंद ठेवलं गेलं. फलकावरची पाटी बदलायला रंगारी पुरतो. पण जुन्या कोडवर ज्यांची तिकिटं आधीच निघाली आहेत, त्यांची गाडी नव्या कोडच्या स्टेशनवर थांबायला हवी. त्यासाठी प्रत्येक पुढची नोंद हाताळावी लागते.

त्याहून मोठी घटना नोव्हेंबर २०२१ची. कोविडच्या काळात सगळ्या गाड्या 'स्पेशल' झाल्या होत्या; त्यांच्या नंबरांच्या सुरुवातीला शून्य लागलं होतं, भाडंही वेगळं. गाड्या पूर्ववत करायच्या ठरलं, तेव्हा लोकांनी शून्यवाल्या नंबरांवर पुढची तिकिटं काढून ठेवलेली होती. ती सगळी नेहमीच्या नंबरांवर न्यायची होती. १४ नोव्हेंबरपासून सलग सात रात्री, साडेअकरा ते पहाटे साडेपाच, देशभर आरक्षण, रद्द करणं, चौकशी, सगळं बंद होतं. एका रात्रीत उरकण्याचा मोह टाळून काम सात रात्रींत वाटलं गेलं, आणि बहुतेक प्रवाशांना फरक जाणवला तो तिकिटावरचा नंबर बदलल्याचा. त्याआधी २० डिसेंबर २०१० रोजी देशभरच्या गाड्यांचे नंबर चार आकडी होते ते पाच आकडी झाले, तेव्हाही गाड्या धावतच होत्या.

घाई केली की काय होतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये, एका शनिवार-रविवारी, आपली ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवली. खाती नीट हलली, पण नवी यंत्रणा भार घेईना. सुमारे १९ लाख लोकांना आपली खाती उघडता येईनात. काहींना दुसऱ्यांचीच दिसली. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला, प्रमुख अधिकाऱ्यांना जावं लागलं, आणि २०२२ साली नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. चौकशीत निघालं ते साधं होतं : डेटा सेंटर दोन, आणि पूर्ण चाचणी झाली एकावरच. बँकेला निदान खातं कुलूपबंद ठेवून माफी तरी मागता येते. सुटलेली गाडी माफीने परत येत नाही.

क्रिससमोरचा मार्ग म्हणून कंटाळवाणा असायला हवा, आणि तोच बरोबर आहे. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी शेजारी चालवायची, एकच मागणी दोघींना देऊन उत्तरं ताडून पाहायची. पाचपैकी एका केंद्रावर, कमी गर्दीच्या गाड्यांवर सुरुवात. बिनसलं तर कुठल्या मिनिटापर्यंत मागे फिरता येईल, हे आधी लिहून ठेवायचं. नव्या यंत्रणेने एकदा का तिकिटं विकली, की मागे फिरणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं.

एका निर्णयाने हे ओझं नकळत हलकं झालं आहे. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. कारण दुसरंच होतं : दोन महिन्यांहून आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत आणि ४-५ टक्के लोक येतच नसत. पण देण्याची मुदत निम्मी झाली, की नव्या वहीत ओढायची बाकीही कमी होते. आणि त्या बदलातही ३१ ऑक्टोबरपर्यंत काढलेली १२० दिवसांची तिकिटं कायम राहिली.

नकारांची नोंद

या सगळ्यातून कोकणात जाणाऱ्याला काय मिळेल? गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं आणि मिनिटाभरात वेटिंग लागतं, हे दरवर्षीचं आहे. दिल्लीतल्या मराठी माणसाचंही तेच : मंगला, गोवा एक्सप्रेस, झेलम, दुरांतो, दिवाळीच्या तारखा पाहता पाहता भरतात. सर्व्हर पाचपट वेगवान झाला, तरी त्या गाडीला एकही डबा जास्त लागत नाही. पूर्वी मिनिटात संपणारे बर्थ काही सेकंदांत संपतील. म्हणून वेगासोबत न्यायाची व्यवस्था आली, हे बरं झालं. १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारशी जोडलेल्या खात्यांनाच मिळतं; एजंटांना पहिला अर्धा तास मज्जाव आहे; १ ऑक्टोबर २०२५पासून साधं आरक्षण उघडल्यावरची पहिली १५ मिनिटंही आधारवाल्या खात्यांसाठी राखली गेली होती. वेगवान यंत्रणा आणि सैल दरवाजा एकत्र आले असते, तर माणसाच्या बोटापेक्षा बॉटचं फावलं असतं.

पण नव्या डेटाबेसचा सगळ्यांत मोठा उपयोग मला वेगळाच दिसतो. जुन्या बाबूच्या वहीत ज्याला बर्थ मिळाला त्याचंच नाव चढे. 'नाही' ऐकून खिडकीवरून परतलेल्या माणसाची नोंद कुठेच राहत नसे, आणि पहिल्या संगणकांनीही तोच रिवाज पुढे चालवला. आता जी यंत्रणा मिनिटाला ४० लाख चौकशा हाताळेल, तिला कुठल्या तारखेला, कुठल्या दोन स्टेशनांमध्ये, किती जणांनी शोध घेतला आणि रिकाम्या हाताने गेले, हे मोजता येईल. रत्नागिरीला थांबणाऱ्या गाडीत किती लोक बसले, हे रेल्वेला आजही कळतं. किती बसू शकले नाहीत, हे कळलं तर जादा डबा आणि जादा गाडी मंत्र्याच्या शिफारशीऐवजी मागणीच्या आकड्यावरून ठरवता येईल. यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. नकारसुद्धा जपून ठेवायचा, एवढा निर्णय लागतो. मिनिटाला किती तिकिटं दिली हे रेल्वे जाहीर करेलच. गाडीनिहाय किती जणांना नाही म्हटलं, हाही आकडा तिने दर महिन्याला जाहीर करावा. अपग्रेड फळाला आला की नाही, ते त्यावरून कळेल.